यंदा गोलात कोण

मुलींच्या फुटबॉल क्लबचा मी सेक्रेटरी आहे, यावर आमच्या घरात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. आयुष्यात मी एकच गोल केला, तोही स्वतःच्याच संघावर. पण माझी मुलगी खेळते, आणि क्लबच्या सभेला वेळेवर पोचलेला पालक मी एकटाच, म्हणून पद गळ्यात पडलं. दर हंगामाआधी मी जेवताना जाहीर करतो, "यंदा पहिल्या चारात!" मुलगी ताटातून मान वर न करता म्हणते, "बाबा, आधी अकरा जणी तर जमवा."

गेल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. खालच्या गटात घसरलो नाही, ते फक्त आमच्या गोलकीपरमुळे. पेठ तालुक्यातली मुलगी, कॉलेजसाठी नाशकात हॉस्टेलवर राहणारी. उन्हाळ्यात मी तिला चांगल्यातले ग्लोव्ह्ज आणून दिले, वर हातांची निगा कशी राखावी यावर भाषणही ठोकलं.

दिवाळीआधी सराव सुरू झाला, ती आली नाही. खेळाडूंची नावं द्यायची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी सकाळी फॉर्म घेऊन मी स्कूटरवर सायखेड्याकडे निघालो. तिचे आईवडील तिथे द्राक्षांच्या छाटणीला टोळीबरोबर येतात, एवढं ठाऊक होतं.

बागेच्या कडेला ताडपत्रीची खोपटं होती. ती वेलींमधून बाहेर आली, कोपरापर्यंत प्लॅस्टिक गुंडाळून. तिची आई खोपटापुढे बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती.

"हे काय झालं?"

"पेस्ट, काका." छाटणीनंतर नवे कोंब फुटावेत म्हणून काड्यांना जे जहाल औषध लावतात, ते. "रबरी हातमोजे फाटले व्हते. मी आईला म्हटलं, माझे घाल, भारीतले हायेत."

म्हणजे मी दिलेले ग्लोव्ह्ज. तळव्याला जाड स्पंज. औषध त्यात मुरलं आणि दिवसभर कातडीला चिकटून राहिलं.

आता आईच्या जागी ती कामाला उभी होती. टोळीत काम जोडीला मिळतं; एक माणूस कमी झालं की मुकादम दुसरी जोडी बघतो, मग बापालाही परत पाठवलं असतं. छाटणीमागून घडांची विरळणी, त्यामागून काढणी. तोवर लीग कधीच संपलेली असणार.

आईने माझ्या हातातला कागद पाहिला. "बॉलचा हाय ना, दादा? लिवा तिचं नाव. रविवारचं मी जाईन कामाला. हाताला पिशव्या बांधीन."

इथे मी तात्काळ "छे, छे" म्हणालो, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मी मनात सामन्यांचे रविवार मोजले. सात. फक्त सातच तर आहेत, असंही वाटून गेलं.

"आई, तू उगी बस," मुलगी म्हणाली. "नका लिहू, काका. तिला घाससुद्धा मीच भरवते."

मग कुठे मला डॉक्टर सुचला. आईला स्कूटरवर मागे बसवलं. हातांनी धरता येईना, म्हणून तिने दोन्ही कोपरं माझ्या बरगड्यांशी दाबली. वाटेत तिने विचारलं, "किती रविवार व्हते, दादा?"

"यंदा लीगच नाही," मी म्हणालो.

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या कोपरांचा दाब थोडा सैल झाला.