आंबराईतली साक्ष

माझे यजमान संतपूरकडच्या खेड्यांत उपदेशक होते. मोगलाईचे, निजामाच्या अमलाचे दिवस. ज्वारीची रास घरात आली की आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मेळावा मांजरेच्या काठी आंबराईत भरायचा. गाड्या सोडून, कडब्याची छपरं घालून आम्ही तिथंच राहायचो. सकाळी प्रार्थना, दुपारी साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. एक गाणं कानडीत, तर पुढचं मराठीत.

आमचं लेकरू गेलं त्या साली माझं जायचं मन नव्हतं. उपदेशकाच्या बायकोनं न येणं बरं दिसत नाही, असं हे म्हणाले, म्हणून गेले.

दुपारच्या सभेत पाळकांनी यांना साक्ष द्यायला उभं केलं. दुःखातही देव कसा जवळ राहिला, हे ते सांगतील असं सगळ्यांना वाटलं. मलाही. मी पदर सारखा करून ताठ बसले. ते उभे राहिले. मग म्हणाले, "लेकरू गेल्यापासून मी प्रार्थना केली न्हाई. तुमच्या म्होरं केली ती नुसती तोंडानं. घरी डोळे मिटून बसतो, पण आत काईच न्हाई. माझ्या बायकोला वाटतं मी देवाशी बोलायलोय."

माना माझ्याकडं वळल्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं हेही आता सगळ्यांना कळलं होतं. नुसतं कानडी समजणाऱ्या बायकांना पुढची एक बाई हळू आवाजात सगळं समजावून सांगत होती. आमच्या घरातली गोष्ट मला पुन्हा कानडीत ऐकावी लागली. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मी गेलेच नाही. पीठ मळायचं निमित्त करून छपरामागं बसले. आमच्याच भागातल्या मेहकर गावची एक बाई येऊन शेजारी भाकरी थापू लागली. वर न बघताच म्हणाली, "आमच्या घरी मीबी तशीच नुसती डोळे मिटून बसते, अक्का. मालकाला अजून सांगितलं न्हाई." मी पिठाची परात तिच्याकडं सरकवली.

पाळकांनी यांचा उपदेश काही दिवस थांबवला. आम्ही रविवारी देवळात मागं बसू लागलो. मी खाली मान घालून जायची आणि तशीच परतायची.

घरी दिवेलागणीला हे पूर्वीसारखेच डोळे मिटून बसत. आता ते देवाशी बोलत नाहीत हे मला माहीत होतं, आणि परक्या माणसाशेजारी बसल्यासारखा संकोच वाटे. घरातली प्रार्थना पुरुषानं करायची अशी आमची रीत. तरी एका संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "देवा, लेकरू कामून नेलंस? आमाला दोघांलाबी तुझ्याशी बोलायला येईना झालंय."

बोलले आणि लाजेनं कान तापले. देवाशी असं भांडल्यासारखं बोलायचं नसतं, असंच शिकवलेलं. हे रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते "आमेन" म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

त्यानंतर रोज आम्ही दोघंही बोलायचो. कधी एखादंच वाक्य, पुष्कळदा तक्रारच. पण खरं. हळूहळू त्या बसण्याची मला ओढ लागली.

पुढं यांचा उपदेश सुरू झाला. पुढच्या मेळाव्याला मी कुणी न म्हणता गाडीत बसले. तरी हे प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा गेल्या साली माझ्याकडं वळलेल्या माना आठवल्या आणि माझी मान वर झाली नाही.