चेहरा ब्लर केला होता

केबलवर दिसणाऱ्या कार्यक्रमांबद्दल लोकांच्या तक्रारी ऐकायला जिल्ह्यात एक समिती असते, हे यवतमाळात फार जणांना ठाऊक नाही. ती क्वचित बसते. आधीची बैठक लांबली तर सदस्य कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात थांबतात, आणि शेवटचा विषय येईपर्यंत निम्मे उठून गेलेले असतात. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर काही वर्षं पत्रकारांचा प्रतिनिधी म्हणून मी तिच्यावर होतो.

तक्रारी बहुतेक जेवणाच्या वेळेच्या असत. नेरच्या एका सेवानिवृत्त मास्तरांचं म्हणणं असं की सून आणि नात ताटावर बसल्या की नेमकी अंतर्वस्त्रांची जाहिरात लागते. आणखी कोणाला मालिकेतली सासू आठवडाभर दुधात विष कालवत बसते याचा त्रास व्हायचा. या मोठ्या वाहिन्यांचं जिल्ह्याच्या हातात काही नसतं. तक्रारदाराला पायऱ्या समजावून सांगाव्या लागत. आधी वाहिनीला लिहा. समाधान झालं नाही तर वाहिन्यांनी मिळून नेमलेल्या मंडळाकडे जा. तिथंही नाही झालं तर दिल्लीला, मंत्रालयात. मास्तरांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तवरोक मीच टीव्ही बंद ठेवू." हा मार्ग नियमात नव्हता, पण चुकीचाही नव्हता.

जिल्ह्याच्या अखत्यारीत खऱ्या अर्थानं येतात ते तालुक्यातल्या केबलवाल्यांचे स्वतःचे चॅनेल. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानांच्या जाहिराती, कापसाचे भाव आणि संध्याकाळच्या बातम्या. असाच एक चॅनेल उमरखेड भागात होता. मालक, बातमीदार, कॅमेरामन आणि निवेदक असा एकच माणूस, पस्तिशीतला. त्याच्याविरुद्ध ढाणकीकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या बाईनं तक्रार केली होती.

बाई अंगणवाडीत मदतनीस होती. तांड्याच्या आसपास चालणारी हातभट्टी बंद व्हावी म्हणून ती वर्षभर घरोघर फिरत होती. महिलांच्या ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून जायचं आणि ठराव करून घ्यायचा, असं ठरलं होतं. एकटीदुकटी गेली तर कोणी ऐकत नाही, पन्नासजणी गेल्या तर ऐकावं लागतं, हा तिचा साधा हिशेब होता. बाया तयार झाल्या होत्या. मग ही बातमी लागली.

बातमी पोलिसांनी दुसऱ्याच गावाजवळ टाकलेल्या धाडीची होती. धाडीच्या ठिकाणी चॅनेलचा कॅमेरा गेला नव्हता, ठाण्यातून फक्त मजकूर आला होता. बातमीला चित्र तर पाहिजे. मालकाच्या कॉम्प्युटरमध्ये 'तांडा' नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात होतं ते सगळं होळीच्या वेळी काढलेलं. दरवर्षी तो होळीला तांड्यांवर जायचा, लेंगीची, म्हणजे होळीची, गाणी आणि फेर धरणाऱ्या बायांचं चित्रण करायचा. ते त्यानं धाडीच्या मजकुराखाली लावलं. त्यात ही बाई पुढं होती. दारू विकणाऱ्या महिलांवर कारवाई, असं तो मागून बोलत होता आणि पडद्यावर ती टाळ्या वाजवत गात होती.

बैठकीत ती क्लिप दाखवली गेली. अध्यक्षस्थानी निवासी उपजिल्हाधिकारी होते. सावध माणूस, पण तुसडा नव्हता. अशा तक्रारी तपासताना काय पाहायचं ते ठरलेलं असतं. कोणाचं नाव घेतलं का, कोणाची ओळख उघड झाली का, एखाद्या समाजाला कमी लेखलं का, साधारण प्रेक्षकाचा काय समज होईल. त्यांनी क्लिप पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, "नाव कुठंच नाही. चेहराही ब्लर केलेला आहे. नियमानं पाहिलं तर ओळख उघड झाली असं म्हणता येत नाही."

मालकाला धीर आला. "मी तं यायच्याच भल्यासाठी ब्लर केलं, साहेब," तो म्हणाला. "दारूच्या बातमीत होळीच्या बाया उघड्या तोंडानं दाखवणं बरं दिसते काय?"

समितीवर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. "मग दाखवल्याच कायले?"

तो खाली पाहत म्हणाला की दुसरं काही चित्र नव्हतं.

बाई साध्या साडीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन टेबलाच्या टोकाला बसली होती. आता ती उपजिल्हाधिकाऱ्यांकडे वळली.

"साहेब, तोंड झाकलं म्हणूनच तं हे झालं. टीव्हीवर कोणाचं तोंड झाकते? पोलिसानं धरलेल्याचं. उघडं ठेवलं असतं तं बाया म्हणाल्या असत्या, हे तं आपली होळी व्हय."

आणि ओळख पटायची ती पटलीच होती. क्लिपमध्ये तिच्या अंगात आईनं शिवून दिलेली काचळी होती. आरसे आणि कवड्या लावलेली ही चोळी एका घरची दुसऱ्या घरासारखी नसते. रोज कोणी घालत नाही, सणालाच पेटीतून निघते. तांड्यावर ती पाठीकडून पाहूनही कोणाची ते कळतं. क्लिप कोणीतरी मोबाईलवर पाठवली, ती सगळ्यांनी पाहिली. दारूबंदी करणारी स्वतःच धरली गेली, असं भट्टीवाल्यांनी पसरवलं. दीर म्हणाला, आता घरी बसा. मग त्याची बायको, म्हणजे हिची जाऊ, जी सगळ्यात आधी हिच्याबरोबर निघाली होती, तिनं येणं सोडलं. जाऊच येत नाही म्हटल्यावर बाकीच्या कशाला येतात. हे सगळं तिनं तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. बस चुकली हे सांगावं तसं सांगितलं.

क्लिप तिसऱ्यांदा लावली गेली नाही. उपजिल्हाधिकाऱ्यांनी आपलं मत बदललं आणि तसं मोकळेपणानं म्हटलं. जुनी दृश्यं जुनी आहेत हे न सांगता वापरली, त्यातून एका महिलेबद्दल आणि तिच्या समाजाबद्दल खोटा समज झाला, असा निष्कर्ष निघाला. चॅनेलनं आठवडाभर पडद्याच्या तळाशी दिलगिरीची पट्टी चालवावी, असं ठरलं. समितीच्या मानानं हा कडक निर्णय होता.

बाईनं विचारलं, "ते पट्टी कोण वाचन?"

म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही, हा एक भाग. दुसरा असा की तांड्यावर केबल नव्हतीच. सगळ्या घरांवर डिशच्या छत्र्या होत्या. चॅनेल तिथं कधी दिसलाच नव्हता. दिलगिरी उमरखेडच्या लोकांना कळली असती, ज्यांना ही बाई कोण ते ठाऊक नव्हतं.

"बाई, आमचा अधिकार वायर जाते तिथपर्यंतच," उपजिल्हाधिकारी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला हवं होतं ते वेगळं. तांड्यात चारचौघांत झालेली गोष्ट नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात चारचौघांसमोरच मिटते. या भाऊनं तिथं येऊन, उभं राहून, तोंडानं सांगावं. एवढंच.

असा आदेश द्यायची तरतूद नाही, हे खरं होतं. प्राचार्यांनी मालकाला सरळ विचारलं, जाल का? लोक मारतील, असं त्याला वाटत होतं आणि ते त्यानं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाली, "आमच्या दारात आलेल्याले आमी मारत नाही, भाऊ. च्या पाजतो." समितीवरचं कोणीतरी सोबत गेलं तर तो येईल, असं शेवटी ठरलं. मला तसंही ढाणकीला जायचं होतं.

आम्ही दुपारी पोचलो. सोयाबीन निघालं होतं, त्यामुळं माणसं घरी होती. नायकाच्या घरापुढच्या ओट्यावर पुरुष बसले होते, लिंबाखाली बाया. जाऊ मागच्या बाजूला, दुसऱ्या बायांच्या आडोशानं बसली होती. बाईनं ती काचळी घातलेली नव्हती.

मालक ओट्याजवळ उभा राहिला. निवेदन करायची सवय असलेला माणूस, पण आवाज नीट निघत नव्हता. तो म्हणाला की दाखवलं ते होळीचं होतं. दारूचा आणि या बायांचा काही संबंध नव्हता. चित्र नव्हतं म्हणून मी लावलं, चूक माझी. हे सगळं मराठीत होतं आणि लवकर संपलं.

नायक वयस्क होते. त्यांनी बायांकडे पाहिलं आणि म्हणाले की म्हाताऱ्या बायांना हे नीट उमजलं नसेल, गोरमाटीत सांगायला पाहिजे. मालकाला ती बोली येत नव्हती. नायकांनी बाईकडे बोट केलं. तूच सांग.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "म्या सांगतलं तं माह्यंच बोलणं होईन."

नायकांनी पुरुषांकडे पाहिलं. तिचा दीर जमिनीकडे पाहत होता. मग मागून जाऊ उठली. पदर सारखा करत पुढं आली, मालकाच्या बाजूला उभी राहिली आणि बायांकडे तोंड करून बोलायला लागली. मला गोरमाटी थोडीच कळते. होळी हा शब्द कळला, दारू कळला, एकदा मोबाईल कळला. तिचं बोलणं मालकाच्या बोलण्यापेक्षा पुष्कळ लांबलं. मध्ये ती दिराच्या, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याच्या दिशेनं हात करून काही म्हणाली आणि दोन म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

ती थांबल्यावर मालकानं हळूच नायकांना विचारलं, "एवढं मी म्हणलो काय?"

"नव्हते म्हणले," नायक म्हणाले. "म्हणायले पाह्यजे होतं."

चहा आला. काही बाया चहा न घेताच उठून गेल्या. सगळ्यांचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही. दीर तर आधीच निघून गेला होता. जाऊ मात्र मागं आपल्या जागेवर गेली नाही. ती बाईच्या शेजारी लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली. मग जाऊनं मान न वळवता काहीतरी विचारलं आणि बाईनं तितक्याच तुटकपणे उत्तर दिलं.

माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मी विचारलं, काय म्हणते ती?

"ग्रामसभा कोन्त्या वारी हाय, इचारून राह्यली," तो म्हणाला.