पुराच्या सीनमधली मुलगी

“कोण वाहून गेली ते सांग, मंग जाते,” बाई म्हणाली आणि बोर्डासमोर मांडी घालून बसली.

औंढ्याच्या जत्रेत आमच्या टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता. पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी कंपनीचा पब्लिसिटीवाला. लोक मला मास्तर म्हणत, कारण मी भोंग्यातून वाचून दाखवायचो. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, मराठी वाचणारे थोडे. तेव्हा जाहिरात कानानं आणि डोळ्यानंच करावी लागे.

माझं काम सोपं होतं. पुण्याच्या साप्ताहिकात पिक्चरचं परीक्षण यायचं. ते कापायचं, बोर्डावर चिकटवायचं आणि बैलगाडीतून गावोगाव वाचत फिरायचं. परीक्षण अर्थातच पूर्ण लावायचं नाही. ‘कथानक ढिले, संवाद कंटाळवाणे’ हा भाग कात्रीनं जायचा, ‘गाणी श्रवणीय’ एवढं राहायचं. सोबत एक फोटो असे. त्याला स्टिल म्हणतात. तो सिनेमाच्या रिळातला नसतो, शूटिंगच्या वेळी वेगळा फोटोग्राफर काढतो. पिक्चर काढणारी कंपनी त्याचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, वर्तमानपत्राला पाठवते.

या वेळच्या स्टिलमध्ये नदीकाठी घागरी घेतलेल्या बायका होत्या. खाली परीक्षणातली ओळ होती: ‘पुराच्या प्रसंगाचे चित्रण चालू असता एक मुलगी खरोखरच प्रवाहात वाहून गेली म्हणतात. प्रसंग अंगावर शहारे आणतो.’ ही ओळ मी आवाज चढवून वाचायचो. गर्दी तिच्यावरच जमायची.

बाईचं नाव गयाबाई, सेनगावकडची. तिची विधवा मुलगी मागं एका नाटक कंपनीबरोबर निघून गेली होती. घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. हिनं मात्र एकही जत्रा सोडली नाही, कुठं तरी दिसेल म्हणून. आणि त्या दिवशी ती बोर्डावर दिसली.

“ही बघ, कडंची. मान वाकडी करून उभी हाय न्हाई का? लहानपनापासून तसलीच खोड. माजी सखू हाय ती.”

“मावशी, फोटो बारीक आहे. चूक होऊ शकते.”

“आईची चूक व्हती व्हय?” ती म्हणाली. “जिती हाय म्हनून मी हरकले. अन् तू वाचून राहिला, एक पोरगी वाहून गेली. कोणती?”

मला खरं तर तिचा राग आला होता. गर्दी अडत होती. मी तिला सांगितलं, संध्याकाळी तंबूत येऊन बसा, डोळ्यांनीच बघा.

ती आली. पुढं जमिनीवर बसली. आमची प्रिंट सगळीकडं फिरून झिजलेली. झिजलेल्या रिळावर उभ्या रेघा दिसतात, आम्ही त्याला पाऊस म्हणायचो. पुराचा सीन आला. पाणी, मग हिरॉइनचा चेहरा, मग पुन्हा पाणी. गर्दीतल्या एक्स्ट्रा बायका एवढ्याशा दिसल्या, त्याही पाठमोऱ्या. गयाबाई उभी राहिली. मागून लोक ओरडले, “ए बाई, बस की खाली!” ती बसली नाही. सीन कधीच संपला होता.

सकाळी ती पुन्हा बोर्डापाशी. मी मालकांकडं गेलो.

“बापूसाहेब, ती वाहून गेल्याची ओळ काढू?”

“वेडा आहेस? तंबू त्या ओळीनं भरतो.”

“पण खरी आहे का?”

“कंपनी ब्लॉकबरोबर मजकूरही पाठवते. पेपरवाला छापतो. तपासतो कोण? तिला खोटी आहे म्हणून सांग आणि वाटेला लाव.”

“खोटी आहे का पण?”

“मला काय ठाऊक!”

मी जाऊन सांगितलं. “मावशी, कोणी वाहून गेलं नाही. लोक यावेत म्हणून लिहितात तसं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “बरं झालं रे बापा. रातभर डोळा न्हाई लागला.” मलाही हायसं वाटलं. वाटलं, निपटलं.

मग ती उठून बोर्डाजवळ गेली. बराच वेळ फोटो बघत राहिली.

“मंग ह्यो फोटूबी लोक यावेत म्हनूनच असंल.”

“नाही, फोटो खरा आहे.”

“काहून? खालचं खोटं अन् वरचं खरं? एकाच कागदावर हाय की.”

स्टिल, ब्लॉक, एक्स्ट्रा, सगळं मला समजावून सांगता येत होतं. ते मी सांगितलंही. ती मान हलवत ऐकत होती, पण फोटोकडं बघत नव्हती. शेवटी बापूसाहेब काय म्हणतील याचा विचार न करता मी फोटो कात्रीनं कापून बोर्डावरून सोडवला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं हात पुढं केला नाही.

“ऱ्हाऊ दे. कोणाची तरी लेक असंल,” ती म्हणाली आणि सेनगावच्या वाटेनं चालू लागली.

बापूसाहेबांनी मला शिव्या घातल्या. फोटोची जागा रिकामी राहिली, म्हणून ती ओळ मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली आणि मला भोंग्यातून पुन्हा पुन्हा वाचायला लावली. संध्याकाळचा खेळ भरून गेला. या धंद्यात एवढं शिकलो की फोटो नसला तरी चालतं, माणूस मेल्याची बातमी पुरते.