पाचव्या मजल्यावरचं आवतन

तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला नियम मोडलेला दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. मी तसाच आहे. वाशिमच्या आमच्या जुन्या गल्लीतली चार टिनाची घरं पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डरने जागेच्या बदल्यात मला दोन फ्लॅट दिले आणि रहिवाशांनी सचिवपद दिलं. पहिल्या मजल्यावर मी आणि बायको साधना राहतो. पाचव्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. लिफ्ट, मॉड्युलर किचन, दारावर कॅमेरा, लॉबीत काळं ग्रॅनाईट. जाहिरात मीच लिहिली होती. भाडेकरू मला हवा होता बँकेतला, दोघंच नवरा-बायको, आवाज न करणारे.

मिळाले जगदेवभाऊ.

जगदेवभाऊ म्हणजे रिसोड रोडवर दोन कोसांवरच्या गावचे शेतकरी, वय सहासष्ट. त्यांचा मुलगा गणेश नागपूरला नोकरीला. गणेशची पोरगी वैभवी लहानपणापासून आजी-आजोबांजवळच वाढलेली. तिची बारावी वाशिमच्या कॉलेजात, आणि आजी चतुराबाईंचे गुडघे गेलेले. लिफ्ट आहे एवढं बघून गणेशने फ्लॅट पक्का केला. जगदेवभाऊंनी शेत आणि बैलजोडी गावच्या पवनकडे बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दिली आणि ज्वारीची दोन पोती घेऊन आमच्या लक्झरीत राहायला आले.

पहिल्याच आठवड्यात मला त्यांचा राग आला. हा माणूस चपला पाचव्या मजल्यावर काढायचाच नाही. इमारतीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला काढायचा आणि ग्रॅनाईटवरून अनवाणी लिफ्टपर्यंत जायचा. लिफ्टच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचा आणि मग आत पाय ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या फाटकावर एक झिजलेला जोडा दिसायचा. मी वॉचमन हेमसिंगला सांगून ठेवलं, रोज विचार, चपला वर का नाही नेत? तो विचारून थकला, तेव्हा मीच गाठलं.

"काहो जगदेवभाऊ, चपला इथं काहून? तुमचं दार पाचव्या मजल्यावर आहे."

"ते खोलीचं दार झालं जी," ते म्हणाले. "घर तर इथूनच सुरू होते ना."

कचेरीतला माणूस करतो तेच मी केलं. फाटकावरच्या सूचना फलकावर 'पादत्राणे' असा मथळा देऊन एक नोटीस लावली. ती इमारतीत फक्त त्यांनीच वाचली आणि मला येऊन सांगितलं, "अक्षर लय सुंदर आहे तुमचं."

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून निबर झालेल्या खांद्याला पळसाच्या पानाने हळद आणि तूप चोळायचं, आणि कानाशी तोंड नेऊन सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आवतन म्हणजे आमंत्रण. जगदेवभाऊ दुपारच्या जीपने गावी गेले, चांद्या आणि तुऱ्या या आपल्या बैलांचे खांदे शेकले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने दोघांच्या कानात म्हणाले, "उद्या माह्या घरी जेवायले या." परतीच्या जीपमध्ये बसल्यावर त्यांना आठवलं की आता आपलं घर वाशिमला आहे. पाचव्या मजल्यावर.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. चेहरा असा की मला वाटलं, कोणी गेलं की काय.

"रामरावभाऊ, चूक झाली एक. मी बैलायले आवतन देऊन आलो. पवन उद्या सकाळी जोडी घेऊन येतो म्हणते."

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. इथे भाडेकरू बैलजोडी आणायला निघाला होता. मी करारनामा काढला. कलम नऊ, आवारात जनावर आणू नये.

"आवतन मागे घ्या," मी म्हणालो.

"माणसाले दिलेलं मागं घेता येते जी. त्याले कारण सांगता येते. बैलाले काय सांगू?"

"अहो, गावातच घाला जेवू. तिथलं घर आहेच की."

"तिथं कुलूप आहे. चूल बंद आहे. जिथं आपण राह्यतो तिथंच त्यायचं जेवण." मग ते म्हणाले, "सही माहीच आहे, तुमचं काई चुकत नाई. मंग उद्या पवन बैल घेऊन आला का मी त्यायच्यासंगं परत जातो, कुलूप उघडतो, अन् तिथंच राह्यतो. ज्या घरी आवतन दिलेल्याले जेवू घालता येत नाई, तिथं मले घास नाई उतरणार."

ते गेले आणि साधना माझ्यावर तुटून पडली. "बुढा गेला तर बुढीही जाईन. मंग त्या पोट्टीनं एकटीनं राह्यचं का होस्टेलमधी? बारावीच्या वर्षी? तुमचं कलम नऊ पेपर सोडवणार आहे का तिचा?" नियम म्हणजे नियम, असं मी मनाशी म्हणत राहिलो आणि जेवण नीट गेलं नाही.

सकाळी आठच्या सुमाराला घुंगरं वाजली. खिडकीतून पाहिलं तर पवन जोडी घेऊन आला होता. दुपारी गावात पोळ्याच्या तोरणाखाली जोडी उभी करायची होती, म्हणून तो तांबडं फुटताच निघालेला. शिंगांना गेरू, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांची झूल. मी खाली आलो. जगदेवभाऊ लॉबीत अनवाणी उभे होते, हातात कपड्यांची पिशवी. मागे वैभवी, डोळे सुजलेले. ती पिशवीचा एक बंद धरून होती आणि सोडत नव्हती.

"सोड बाई," जगदेवभाऊ म्हणत होते. "बैल उपाशी उभे आहेत."

फाटकाबाहेर पवन जोडी वळवायला बघत होता, पण चांद्या हलेना. त्याने मान खाली घातली होती आणि जगदेवभाऊंच्या चपला हुंगत होता. पवनने वेसण ओढली. बैलाने एकदा फुरफुर केली आणि पुन्हा चपलांना नाक लावलं.

मला तेव्हा कुठे दिसलं की तो कुठे उभा आहे. आमचं टिनाचं घर पडायच्या आधी आमचं दार बरोब्बर तिथे होतं. मी मॅट्रिकला असेपर्यंत बाबांची जोडी पोळ्याला तिथेच उभी राहायची आणि आई खुरांवर पाणी घालायची. तिथे आता फाटक आहे आणि फाटकावर माझी नोटीस. मला लाज वाटली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत वाटली नव्हती तेवढी वाटली.

"जगदेवभाऊ," मी म्हणालो, "तुमच्या घराचं दार कोणतं?"

त्यांना वाटलं, मी पुन्हा चपलांवरून भांडतो आहे. "आता कायले काढता ते? जाऊन राह्यलो ना मी."

"सांगा तर. घर कुठून सुरू होते?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. चपलांकडे पाहिलं. चांद्याकडे पाहिलं.

"मंग पावणे दारात उभे आहेत की!" मी म्हणालो. "अन् आवारात एक खूर नाई. कलम नऊ जागच्या जागी आहे. ताट आणा."

ताट आणायला कोणाला जावं लागलं नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि आतून चतुराबाई आल्या, आरतीचं तबक आणि पुरणपोळ्यांची परात घेऊन. पुरण त्यांनी पहाटेच शिजवलं होतं. नवरा सामान बांधत होता आणि ही बाई पोळ्या लाटत होती! मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमी ऐकसान, हे मले ठाऊक होतं. याच्यावर भरवसा नव्हता." 'याच्यावर' म्हणजे नवऱ्यावर.

साधनाने बैलांच्या पायांवर पाणी घातलं. चतुराबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. वैभवीने पिशवी वर नेऊन टाकली आणि धावत खाली आली. सातही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या, फोन रोखलेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर आपली पोळी घेऊन खाली उतरल्या. खाता खाता चांद्याने मानेपर्यंत डोकं फाटकाच्या आत घातलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"मालक तुमी आहा," जगदेवभाऊ मला म्हणाले. "एक घास तुमच्या हातचा."

मी पायातल्या चपला काढल्या, त्यांच्या जोडीच्या शेजारी ठेवल्या आणि तुऱ्याला पोळी चारली. त्याची जीभ खरखरीत आणि गरम होती. जगदेवभाऊंनी पवनला नवा दुपट्टा दिला, बैलांच्या पाठी थोपटल्या, आणि जोडी घुंगरं वाजवत रिसोड रोडला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत जगदेवभाऊ रस्त्यावर उभे राहिले. मग डोळे पुसून लॉबीत शिरले, लिफ्टच्या उंबऱ्याला हात लावला आणि वर गेले.

त्यांच्या मागोमाग मी निघालो. ग्रॅनाईट पायाला गार लागत होतं. हेमसिंगने मागून हाक मारली. मीच शिकवलेला प्रश्न त्याने माझ्यावर उलटवला.

"सायेब, चपला राह्यल्या ना बाहीर! वर नाई नेत?"

"राहू दे बापा," मी म्हणालो. "घर इथूनच सुरू होते."