सगुणाची सही

खाडीत चिंबोऱ्या मिळेनाशा झाल्या, उधाणाचं खारं पाणी बांध फोडून भातात शिरू लागलं, तेव्हा रेवदंड्याजवळच्या त्या गावात पहिल्यांदा बोलली ती मनुबाई. साठीची, सगळा जन्म चिखलात काढलेली. काठावरची तिवरं, उधाण अडवणारी खारफुटीची झाडं, सरपणासाठी तोडून तोडून आपणच संपवली, आता आपणच लावायची, असं तिचं म्हणणं. सगुणाला ते पटलं. नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात ती आणि शाळेत जाणारा मुलगा विनेश.

बारा जणी निघाल्या. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कांदळाच्या, म्हणजे तिवरांतल्याच एका झाडाच्या, शेंगा खोचायच्या. पहिल्या वर्षी सगळं उधाणात वाहून गेलं आणि नाक्यावर बसलेले पुरुष हसले. मनुबाईने पाणी कुठून येतं-जातं ते पाहून जागा बदलली. सगुणाने घरोघर फिरून, रुसलेल्यांची समजूत घालून, बाराच्या बारा जणी पुन्हा गोळा केल्या. आठ वर्षांत काठ हिरवागार झाला.

मग या झाडांची राखण करायला सरकारी समिती आली. अध्यक्ष बाईच हवी असा नियम. मनुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, सगुणा सातवी शिकलेली आहे, तिला करा. सचिव मात्र विनेश झाला. तालुक्याच्या फेऱ्या बायकांना जमायच्या नाहीत, असं पुरुषांचं मत पडलं, आणि खरं सांगायचं तर सगुणालाही बरंच वाटलं. तो कागद घरी आणायचा, बोट ठेवून जागा दाखवायचा. चुलीवर कालवण असायचं. ती हात पुसून सही करायची.

फेब्रुवारीत एका सकाळी जेसीबी आला. बायका धावत पोचल्या तोवर निम्मी झाडं आडवी झाली होती. मनुबाई यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. मुकादमाने शांतपणे कागद काढला. पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का व्हायचा होता आणि त्याला समितीची हरकत नव्हती. मनुबाईची सून पूनम, तिने तो वाचून दाखवला. खाली सगुणाची सही होती.

मनुबाईने एवढंच विचारलं, "सगुणे, तुला वाचता येतंय ना?"

"येतं," सगुणा म्हणाली.

घरी विनेशने काही नाकारलं नाही. धक्का झाला की तिथे त्याची बोट लागणार होती; आईला पुन्हा चिखलात उतरावं लागू नये म्हणून केलं, म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "सांगितलं असतं, तर तू सही केली नसतीस." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. सगुणा त्या दिवशी जेवली नाही.

ग्रामसभेत गप्प बसायला विनेशच्या मित्रांनी तिला सांगितलं होतं. ती उठली. "सही माजीच हाय. कागद माज्या पोराने आणला, आत काय हाय ते सांगितलं न्हाय. पन वाचला न्हाय, तो मी."

ग्रामसभेने तो कागद रद्द ठरवला आणि काम थांबलं. उरलेली झाडं वाचली. चौथ्या दिवशी विनेश कपडे भरून उरणला गेला. तिथे कंटेनरच्या गाड्या चालवतो, असं लोकांकडून कळतं. आईचा फोन तो उचलत नाही.

पूनम अध्यक्ष झाली. आता प्रत्येक कागद बारा जणींपुढे मोठ्याने वाचला जातो. सगुणाच्या जागी, बारावी म्हणून, तेजस्वी नावाची नवी मुलगी आली आहे.

पावसाळ्यात मनुबाई अंथरुणाला खिळली. सगुणा पेज घेऊन गेली. मनुबाईने दोन घोट घेतले, सगुणाचा हात हातात धरला, पण खाडीचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांनी ती गेली.

पुढच्या लावणीला बायका शेंगांच्या टोपल्या घेऊन उतरल्या. सगुणाला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये, असंही कोणी म्हटलं नव्हतं. ती बांधावर बराच वेळ उभी राहिली. पाणी भरायला लागलं तशी घराकडे वळली.