शेवटच्या महिन्यातला दाणा

संक्रांत होऊन गेल्यावरचा शनिवार. हजर: आबा, त्यांची गाभण शेळी, जनावरांचे डॉक्टर आणि मी. गैरहजर: जिजी, म्हणजे आबांची बायको. त्या सुनेच्या बाळंतपणासाठी सुरतेला लेकाकडे गेलेल्या.

असं लिहून ठेवायची मला सवय आहे. लोणखेड्यात मी कॉलेजच्या मुलांची मेस चालवते. लिहिलं नाही तर तिथे मीठसुद्धा वेळेवर येत नाही.

आबा रोज सकाळी मेसच्या मागच्या दाराशी येत. रिकाम्या बादलीवर बोटांनी दोनदा टकटक करत आणि विचारत, "काय निंघनं आज, ताई?" निघालेलं म्हणजे कोबीचा बाहेरचा पाला, मटाराची सालं, मेथीच्या काड्या. मी म्हणे, "आबा, लवकर घ्या, दूधवाला खोळंबलाय." उत्तर ठरलेलं असे. "घाई कोणले शे?"

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आबांनी उभी नोकरी मोलगीच्या घाटात एसटी चालवली. घाईतले प्रवासी त्यांनी इतके पाहिले होते की घाईवरून त्यांचं मनच उडालं होतं.

त्या शनिवारी टकटक झाली नाही, म्हणून मीच बादली घेऊन त्यांच्या घरी गेले. शेळी गोठ्याच्या कोपऱ्यात बसली होती. कान पडलेले, दात करकर वाजत होते. समोरचा हिरवा पाला तसाच.

"कालपासून काहीच खात नही," आबा म्हणाले. "उठाडी तरी परत बठस."

मी डॉक्टरांना फोन केला. ते आले, त्यांनी पोट चाचपलं, तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, "दाणा किती देता?"

"बंद शे. शेवटला महिना शे ना."

हा जिजींचा हुकूम होता. सुरतेची गाडी पकडताना त्यांनी मी उभी असतानाच बजावलं होतं, "दाना कमी करज्या. पिलू मोठं व्हयनं ते अडकी जाई." आमच्याकडे बऱ्याच घरांत हाच नियम आहे. आबांनी तो वेळापत्रकासारखा पाळला. कमी म्हटलं होतं, त्यांनी बंदच केला.

डॉक्टर म्हणाले, "पोटात दोन पिल्लं आहेत. ती आपला वाटा ओढून घेतात, हिच्या अंगाला काही उरत नाही. शिवाय पोटात जागा नाही, त्यामुळे नुसत्या पाल्यावर भागत नाही. याच महिन्यात दाणा लागतो." त्यांनी सलाईन लावलं, पाजायचं गोड औषध दिलं आणि बजावलं, "घाईने पाजलं तर फुप्फुसात जाईल."

"घाई कोणले शे?" आबा म्हणाले. पण त्या दिवशी औषध किती आणि कधी पाजायचं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मी कामांची यादी करून गोठ्याच्या दारावर चिकटवली: औषध, कोमट पाणी, मक्याचा भरडा मूठमूठ, बोरीचा पाला, कूस बदलणे, फिरवणे. फिरवायचं काम आबांचं. पुढे आबा, मागे शेळी, बस थांब्यापर्यंत जाऊन परत. ती थांबली की तेही थांबत. पोरं हसत, "आबा, गाडी पंक्चर का?" आबा म्हणत, "प्रवासी चढी ऱ्हायनात."

संध्याकाळी सुरतेहून फोन येई.

"शेळी कशी शे?"

"मस्त शे."

एकदा जिजींना संशय आला. "तिना आवाज आयकाडा बरं."

आजारी शेळी ओरडेना. आबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोन हातभर लांब धरला आणि स्वतःच ओरडले, "बेंऽऽ!"

पलीकडून मग जिजी म्हणाल्या, "सर्दी व्हयनी का तिले?"

मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले.

शेळी हळूहळू भरडा खाऊ लागली. व्यायली तेव्हा भरदुपार होती. पहिलं पिल्लू मेलेलं आलं. दुसरं मादी पिल्लू, म्हणजे पाट; तिला आबांनी धोतराने पुसून उन्हात धरलं, आणि ती थरथरत ओरडली. तिच्यामागोमाग शेळीही ओरडली. आबांनी लगेच फोन लावला. आता ऐकवायला खरा आवाज होता.

"एकच पिलू? पोट ते मोठं दिसे," जिजींनी विचारलं.

"दोन व्हतात. एक गयं. मन्ही चूक. तू सांगेल व्हतं थोडा थोडा दाना द्या, मी तो देवालेच भुली गवू. शेळी बी आजारी पडनी."

मग जिजींनी आबांना जे ऐकवलं ते मी लिहून ठेवलेलं नाही. आबा फोनला मान डोलावत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आबा, तुम्ही विसरला नव्हता. खरं का नाही सांगितलं?"

त्यांनी पाट शेळीच्या आचळाला लावली. "मागे तिन्या दोन शेळ्या अशाच गयात, ताई. तिनी हातनी वाढायेल. दाना तिनीच तोडेल व्हता. तिले वाटस नजर लागनी." मग शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या नजरवरच."

जिजी परतल्या. पुढे बरेच दिवस "एक काम सांगेल व्हतं" हे वाक्य गल्लीने ऐकलं. आबा ते ऐकत बादली उचलून माझ्या दाराशी येत. टकटक. काय निंघनं?

श्रावणात आबा गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत.

आता बादली न्यायला जिजी येतात. त्या टकटक करत नाहीत, सरळ हाक मारतात. शेळी पुन्हा गाभण आहे, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. परवा बादली उचलता उचलता जिजी म्हणाल्या, "आते दाना कमी करना, ताई. शेवटला महिना लागना. यंदा भुलनारं कोनी नही."

मी तोंड उघडलं, आणि भाजी करपते आहे असं सांगून आत आले.

तेव्हापासून मी पाल्याच्या तळाशी मक्याचा भरडा दडवते. पण जिजी बादली ओतून निवडतात. आज त्यांनी निवडलेला भरडा पुडीत बांधून परत आणून दिला. "तुन्हा भरडा चुकीसन उना, माय."

माझ्या आजच्या यादीत गॅस, तांदूळ, लाईट बिल यांच्यावर खूण झाली आहे. खाली एक ओळ उरली आहे: जिजींना सांगणे.