एकाच परातीतलं पाणी

दोस्तहो, आज दुपारी जेवायला आलेल्या माझ्या मैत्रिणीनं, सोनीनं, रोल नाकाजवळ नेला आणि माझं सगळं संपलं.

ती मासे खात न्हाई. ताईसाठी झिंग्याचे रोल केले, सोनीसाठी निव्वळ भाज्यांचे. पण लातुरात टँकरची वाट बघून राहिलेला माणूस पाणी फेकतो व्हय? झिंगे सोललेल्या हातानं ज्या परातीत रोल गुंडाळायचे तांदळाचे पातळ कागद भिजवले, तिच्यातच सोनीचेही भिजवले.

"वेगळं केलंय म्हणालास ना?" सोनीनं विचारलं.

मी भडकलो. "दुसरं पाणी कुठून आणू?"

"मला सांगायचंस. मी घागर आणली असती."

ताई म्हणाली, "तू कॉलेज सोडलंस तवाबी चूक तुझीच, अन् असाच वरडला व्हतास."

माफी मागायला एवढं जड का जातं, सांगा कुणीतरी. सोनी रडत होती. मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.